मेडिकल जर्नलला पेपर पाठवताना रेफरन्स कसे लिहायचे: नव्या लेखकांसाठी

थिसिस नाशिकला विद्यापीठात गेला की थोड्याच दिवसांत गाइड विचारतात, "यातून पेपर कधी काढताय?" परळ, शीव, भायखळा, मुंबई सेंट्रल, कुठल्याही मेडिकल कॉलेजातल्या रेसिडेंटला हा प्रश्न चुकत नाही. मग इमर्जन्सी आणि ओपीडीतून वेळ काढून मुलं इंट्रोडक्शन ते डिस्कशन लिहून काढतात आणि रेफरन्स शेवटच्या रात्रीवर ढकलतात. अशा बऱ्याच मॅन्युस्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला येतात, आणि सगळ्यात जास्त लाल पेन चालतो तो शेवटच्या दोन पानांवर. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

प्रत्येक रेफरन्स वाचकाला दोन गोष्टी सांगतो: हा पेपर मी वाचलाय, आणि तुम्हाला शंका असेल तर तो इथे सापडेल. स्वल्पविराम, कंस, पान क्रमांक यांचे सगळे नियम दुसऱ्या गोष्टीसाठी आहेत. पहिली गोष्ट तपासणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं.

आधी जर्नल ठरवा

जर्नल ठरण्याआधी रेफरन्स हाताने लिहून काढलेत तर तेच काम पुन्हा करावं लागेल. जर्नल ठरलं की त्याच्या साइटवरचं 'इन्स्ट्रक्शन्स टू ऑथर्स' हे पान उघडा, प्रिंट काढा आणि पेनने खुणा करा. मजकुरात आकडा चौकोनी कंसात हवा की अक्षरांच्या वर, किती लेखकांनंतर 'एट अल', म्हणजे 'आणि इतर', लिहायचं, शेवटचं पान पूर्ण लिहायचं की आखूड, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, हवा का, आणि एकूण किती रेफरन्स चालतील. शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. थिसिसला शंभरावर रेफरन्स असतात, जर्नल ओरिजिनल आर्टिकलला त्याच्या तिसऱ्या हिश्शावर थांबवतात आणि केस रिपोर्टला त्याहून कमी. मर्यादा आधी कळली की डिस्कशन लिहितानाच हात आवरता येतो.

त्यानंतर त्याच जर्नलच्या ताज्या अंकातले दोन लेख उघडून त्यांच्या शेवटच्या याद्या बघा. सूचनांचं पान बऱ्याचदा जुनं राहिलेलं असतं, किंवा त्यात एकच उदाहरण असतं. लेखी सूचना असेल ती पाळायची, आणि ती जिथे गप्प आहे तिथे छापलेल्या लेखासारखं करायचं.

बहुतेक मेडिकल जर्नल 'व्हँकूव्हर स्टाइल' मागतात. १९७८ साली काही मेडिकल जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात भेटले. प्रत्येक जर्नलचा नमुना वेगळा असल्यामुळे लेखकांना एकच पेपर पुन्हा पुन्हा टाइप करावा लागायचा, आणि तोही टाइपरायटरवर. त्या बैठकीतून निघालेले नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच गटातून पुढे आयसीएमजेई ही संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. रेफरन्सच्या नमुन्यांसाठी ही समिती अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडे, म्हणजे एनएलएमकडे, बोट दाखवते. मेडिकल लेखांच्या नोंदी शोधायची पबमेड ही साइटही एनएलएम चालवते, त्यामुळे पबमेडवर दिसणारी नोंद आणि व्हँकूव्हर स्टाइल एकमेकींच्या जवळ आहेत. काही जर्नल मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, म्हणजे एएमए स्टाइल घेतात. दोन्हींत आकडे क्रमानेच येतात, पण बारकावे वेगळे आहेत.

एक रेफरन्स जवळून

उदाहरणाला आपल्याच शहरातला पेपर घेऊ. ज्यांच्या रक्तपेशींवर ए, बी आणि एच यांपैकी एकही अँटिजेन नसतो, तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. रेफरन्स रोमन लिपीतच जातो. इथे त्याची रचना देवनागरीत दाखवते:

भेंडे वायएम, देशपांडे सीके, भाटिया एचएम, सँगर आर, रेस आरआर, मॉर्गन डब्ल्यूटी, एट अल. अ "न्यू" ब्लड ग्रुप कॅरेक्टर रिलेटेड टू दि एबीओ सिस्टिम. लॅन्सेट. १९५२;१(६७१४):९०३-४.

आता डावीकडून वाचत चला. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, मोकळी जागा नाही, आडनावानंतर स्वल्पविराम नाही. स्वल्पविराम येतो तो दोन लेखकांच्या मध्ये. या पेपरला सात लेखक आहेत. व्हँकूव्हर पाळणारी बहुतेक जर्नल पहिली सहा नावं घेऊन 'एट अल' लिहायला सांगतात, म्हणून सातव्या वॉटकिन्स यादीत दिसत नाहीत. शीर्षक मूळ पेपरवर आहे तसंच, 'न्यू'भोवतीच्या अवतरणचिन्हांसकट. रोमनमध्ये पहिलं अक्षर, विशेषनामं आणि एबीओसारखी संक्षिप्त रूपं एवढंच कॅपिटल, बाकी सगळं लहान लिपीत. मग जर्नलचं नाव. शेवटच्या तुकड्यात वर्ष, अर्धविराम, व्हॉल्यूम, कंसात अंक, अपूर्णविराम, पानं, आणि यात कुठेही मोकळी जागा नाही. ९०३-४ म्हणजे ९०३ ते ९०४, सारखे आकडे पुन्हा लिहायचे नाहीत.

हाच पेपर एएमए स्टाइलमध्ये गेला तर लेखक सहापेक्षा जास्त असल्यामुळे पहिले तीनच राहतात, म्हणजे भेंडे, देशपांडे, भाटिया आणि मग 'एट अल'. जर्नलचं नाव तिरप्या अक्षरांत येतं आणि पानं पूर्ण लिहितात: ९०३-९०४.

याच पेपरची आणखी एक गंमत पाहा. पबमेडवर त्याचा व्हॉल्यूम १ दिसतो, प्रकाशकाच्या साइटवर २५९. दोन्ही बरोबर आहेत. त्या काळी लॅन्सेटमध्ये दर वर्षी व्हॉल्यूम एक आणि दोन असे मोजायचे, आता साइटवर सुरुवातीपासूनचा सलग क्रमांक दिला आहे. जुने पेपर घेताना असा फरक दिसला की घाबरू नका. एक पद्धत निवडा आणि पूर्ण यादीत तीच ठेवा. मी पबमेडची घेते, कारण मेडिकल वाचक आधी तिथेच शोधतो.

जर्नलच्या नावांची आखूड रूपं अंदाजाने लिहू नका. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचं 'एन इंग्ल जे मेड' होतं हे पाठ असतं, पण असोसिएशन ऑफ फिजिशियन्सच्या जर्नलचं रूप 'जे असोक फिजिशियन्स इंडिया' आहे, त्यात 'फिजिशियन्स' पूर्णच राहतो. लॅन्सेटसारखं एका शब्दाचं नाव आखूड होत नाही. एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकलं की अधिकृत रूप समोर येतं. आणि नाव त्या वर्षीचं घ्यायचं. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा डॉल आणि हिल यांचा १९५० चा पेपर 'बीआर मेड जे'मध्ये आहे, 'बीएमजे'मध्ये नाही, कारण जर्नलचं नाव नंतर बदललं. शीर्षकालाही हाच न्याय. पेपरच्या नावात बॉम्बे असेल तर ते बॉम्बेच राहील, मुंबई करायचं नाही.

नावांची काळजी

आपल्या नावांमुळे होणारा घोळ परदेशी मार्गदर्शकांत फारसा सापडत नाही. मराठी माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहितो, ते यंत्राला सोपं जातं. पण दक्षिणेकडच्या पुष्कळ नावांत शेवटी आडनाव नसून माणसाचं स्वतःचं नाव असतं, आणि वसई-गोव्याकडचं 'डि सूझा' एका ठिकाणी जोडून, दुसरीकडे तोडून, तिसरीकडे ॲपॉस्ट्रॉफी लावून छापलेलं असतं. सॉफ्टवेअर 'डि' उचलून आद्याक्षरांत टाकतं आणि बिचारे लेखक नुसते सूझा होतात. पेपरच्या पहिल्या पानावर नाव जसं छापलंय ते बघा, पबमेडशी ताडून पाहा आणि तसंच ठेवा.

तुमच्या स्वतःच्या नावाचंही आजच ठरवा. एकच स्पेलिंग, एकच क्रम, आणि ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, तो फुकट मिळतो. लग्नानंतर आडनाव बदललं तरी तुमचे पेपर एका धाग्यात राहतात. मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

सॉफ्टवेअरला काम द्या, पण बघत राहा

एंडनोट, मेंडेली, झोटेरो, रेफरन्स सांभाळणाऱ्या या सॉफ्टवेअरपैकी कुठलंही चालेल. कॉलेजच्या लायब्ररीत एंडनोट असेल तर वापरा. खिशातून पैसे घालायचे नसतील तर झोटेरो फुकट आहे आणि पुरेसं आहे. थिसिसची सिनॉप्सिस लिहिता लिहिताच ते लावलं तर पुढची दोन-तीन वर्षं सुखाची जातात.

ब्राउझरमध्ये झोटेरोचा कनेक्टर लावा, पबमेडचं पान उघडा आणि बटण दाबा, नोंद आत येते. किंवा झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या खुणेवर क्लिक करून पीएमआयडी, म्हणजे पबमेडचा नोंद क्रमांक, किंवा डीओआय टाका. गूगल स्कॉलरवरून तयार रेफरन्स उचलायची सवय मोडा. तिथल्या नोंदी अर्धवट असतात, कधी अंक गायब, कधी जर्नलचं नाव भलतंच. जुन्या झेरॉक्सवर नुसतं जर्नल, वर्ष आणि पान दिसत असेल तर पबमेडच्या 'सिंगल सायटेशन मॅचर'मध्ये तेवढंच टाका, पेपर सापडतो.

नोंद आत आली की काम संपलं असं समजू नका. लगेच, त्याच मिनिटाला चार गोष्टी बघा. जुन्या नोंदींत आडनावं पूर्ण कॅपिटलमध्ये आलेली असतात, ती सुधारा. शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर शीर्षकावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करा आणि विशेषनामं हाताने पुन्हा मोठी करा. पान क्रमांक आलाय का ते पाहा. फक्त ऑनलाइन असणाऱ्या जर्नलना पानं नसतात, तिथे लेखाचा क्रमांक येतो, बऱ्याचदा 'ई'ने सुरू होणारा. आणि लेखक संस्था असेल तर नावाचा रकाना एकेरी करा. हे राहून गेलं की वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' होतं. असे रेफरन्स मी जवळजवळ प्रत्येक थिसिसमध्ये पाहते, आणि रिव्ह्यूअरच्या नजरेतून ते सुटत नाहीत.

वर्डमध्ये झोटेरोचा टॅब दिसेल. वाक्य लिहितानाच 'ॲड सायटेशन' करा, आकडा हाताने टाइप करू नका. एक परिच्छेद वर-खाली झाला की पुढचे सगळे आकडे बदलतात, आणि हाताने टाकलेला आकडा तिथेच अडून राहतो. यादी 'ॲड बिब्लिओग्राफी'ने आपोआप बनते. पहिल्या जर्नलने नाकारलं तर स्टाइल बदलायला एक क्लिक पुरतो.

मजकुरात आकडा कुठे बसतो

ज्या क्रमाने पेपरचा उल्लेख पहिल्यांदा येतो त्या क्रमाने आकडे पडतात. तोच पेपर पुन्हा आला तर जुनाच आकडा वापरायचा, नवा द्यायचा नाही. लागोपाठचे तीन किंवा अधिक असतील तर ३-५, दोनच असतील तर ३,४. आकडा पूर्णविरामाच्या आधी की नंतर, हे जर्नलवर आहे. एएमए स्टाइलमध्ये तो अक्षरांच्या वर येतो, पूर्णविराम आणि स्वल्पविरामानंतर, पण अर्धविराम आणि अपूर्णविरामाआधी.

आकडा त्या विधानाला चिकटून असावा ज्याला तो आधार देतो. "मधुमेहात टीबीचा धोका वाढतो आणि मुंबईच्या दाट वस्तीत तो आणखी वाढतो" अशा वाक्याच्या शेवटी चार आकड्यांचा गठ्ठा टाकला तर कुठला पेपर कशासाठी, हे वाचकाला कळत नाही. मधुमेहाचा पेपर मधुमेहाच्या शब्दांजवळ, वस्तीचा वस्तीच्या. आणि दुसरा अर्धा भाग सांगणारा पेपर तुमच्याकडे नसेल तर तो भाग काढून टाका.

टेबल आणि आकृत्यांत बऱ्याच जणांचं चुकतं. फक्त टेबलात येणाऱ्या रेफरन्सचा क्रमांक टेबल शेवटच्या पानावर आहे म्हणून शेवटचा नसतो. मजकुरात 'टेबल २' हे शब्द पहिल्यांदा जिथे येतात, तिथे तो रेफरन्स आला असं धरून क्रमांक पडतो. टेबल वेगळ्या फाइलमध्ये असेल तर सॉफ्टवेअरला हे समजत नाही, स्वतः तपासावं लागतं.

जर्नलपलीकडचे रेफरन्स

पुस्तकाला लेखक, नाव, आवृत्ती, शहर, प्रकाशक, वर्ष आणि पान लागतं. अनेकांनी लिहिलेल्या पुस्तकातलं प्रकरण असेल तर आधी प्रकरणाचे लेखक, मग 'इन' लिहून संपादक. एएमएच्या ११ व्या आवृत्तीपासून प्रकाशकाचं शहर लिहीत नाहीत, व्हँकूव्हरमध्ये लिहितात. वेबसाइटला तुम्ही ती कधी पाहिली ती तारीख हवीच, कारण पान उद्या बदलेल. थिसिससाठी लेखक, नाव, चौकोनी कंसात थिसिस असल्याची नोंद, शहर, विद्यापीठ, वर्ष. प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर, घेतलात तर तो प्रीप्रिंट आहे हे रेफरन्समध्ये दिसलं पाहिजे, आणि सबमिट करण्याआधी तो कुठे छापून आलाय का ते पाहून छापील पेपर घ्यायचा. नुसत्या कॉन्फरन्स ॲब्स्ट्रॅक्टवर मुद्दा उभा करू नका, आयसीएमजेईही ते टाळायला सांगते.

टीबी किंवा मलेरियाचा आकडा हवा असेल तर वर्तमानपत्र नको, दुसऱ्या पेपरचं इंट्रोडक्शनही नको. जागतिक आरोग्य संघटनेचा किंवा केंद्र सरकारचा मूळ रिपोर्ट उघडा आणि आकडा कोणत्या वर्षाचा आहे ते वाक्यातही लिहा.

वाचल्याशिवाय यादीत घालू नका

इथे मला थोडं थांबायचंय. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. हॉस्पिटलात भरती असताना नार्कोटिक, म्हणजे ओपिऑइड, वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद होती, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे उल्लेख मोजले. ६०८ निघाले. त्यांतल्या ७२.२ टक्के लेखांनी ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं, आणि ८०.८ टक्के लेखांनी हे रुग्ण भरती झालेले होते हे सांगितलंच नव्हतं. त्या रेफरन्सचे स्वल्पविराम बहुधा सगळ्यांचे बरोबर असतील. उत्तर अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने किती घरं उद्ध्वस्त झाली हे आपण वाचतोच. पाच वाक्यं, वाचायला एक मिनिट.

म्हणून दुसऱ्याच्या यादीतून रेफरन्स उचलू नका. मूळ पेपर मिळवा, निदान तुम्ही वापरता तो रिझल्टचा भाग आणि त्याचं टेबल स्वतः वाचा, आणि झोटेरोच्या नोट्समध्ये एक ओळ लिहून ठेवा: कुठल्या पानावरून, कोणत्या रुग्णांत, काय. मूळ पेपर मिळतच नसेल तर लायब्ररीत विचारा. आपल्या कॉलेजांचे लायब्ररियन यात फार मदत करतात, आपणच जात नाही.

एआय चॅटबॉटला रेफरन्स मागू नका. लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि तसा पेपर अस्तित्वातच नाही, असे रेफरन्स ते तयार करून देतात. दिसायला ते निर्दोष असतात, हाच त्यांचा धोका. जो रेफरन्स पबमेडवर किंवा डीओआयने उघडत नाही तो काढा.

मागे घेतलेले पेपरही बघून घ्या. एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो ऑनलाइन दिसतोच. पबमेड अशा नोंदीवर ठळक सूचना देतं आणि झोटेरोही लाल पट्टी दाखवतं. असा पेपर घ्यायचाच असेल तर तो मागे घेतलाय हे सांगण्यासाठीच.

पाठवण्याआधी आणि नंतर

आकडे झोटेरोशी अजून जोडलेले आहेत ती फाइल स्वतःकडे वेगळी ठेवा. सहलेखकांना व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, कोणी फोनवर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह केली, की आकड्यांचे दुवे तुटू शकतात. त्यांना कॉमेंट्स करायला सांगा आणि बदल तुमच्याच फाइलमध्ये घ्या. जर्नलला पाठवायची प्रत बनवताना आधी कॉपी काढा आणि मग त्या कॉपीत 'अनलिंक सायटेशन्स' करून आकड्यांचा झोटेरोशी दुवा तोडा. उलटं केलंत तर रिव्हिजनला सगळं हाताने करावं लागेल.

त्यानंतर यादीची प्रिंट काढून एक फेरी. मजकुरातला प्रत्येक आकडा यादीत आहे का, यादीतला प्रत्येक रेफरन्स मजकुरात आहे का, एकच पेपर दोन क्रमांकांनी आला नाही ना. हे शक्यतो पेपर न लिहिलेल्या माणसाकडून करून घ्या. ज्युनियर रेसिडेंट चालेल, त्यालाही शिकायला मिळतं.

रिव्हिजनमध्ये रिव्ह्यूअर कधी कधी पाच पेपर घालायला सांगतात. वाचा, मुद्द्याला उपयोगी असतील तेवढेच घ्या, आणि बाकीचे का घेतले नाहीत ते उत्तरात नम्रपणे लिहा. संपादक ते मान्य करतात. स्वीकृतीनंतर प्रूफ येतं, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत परत मागतात, आणि त्यात रेफरन्सबद्दल 'ऑथर क्वेरी' असतात. टाइपसेटिंगमध्ये आकडे सरकू शकतात, त्यामुळे क्वेरी नसलेले रेफरन्सही पुन्हा पाहा आणि प्रत्येक डीओआयवर क्लिक करून तुमचाच पेपर उघडतोय ना याची खात्री करूनच प्रूफ परत पाठवा.